गाडीचा रकाना: चार पाडे, सहा क्षयरुग्ण आणि एक जाळं

पेठ तालुक्यातल्या चार पाड्यांवर जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत क्षयाचे सहा रुग्ण सापडले. नावं देता येणार नाहीत, म्हणून नोंदीच्या क्रमाने त्यांना क, ख, ग, घ, च, छ म्हणू. ख आणि ग या सूनसासू. एका घरातल्या, त्यामुळे एकीचा आजार दुसरीला लागला असणार हे सांगायला कोणी पंडित लागत नाही. बाकीचे चौघं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते. क आणि घ यांच्या पाड्यांच्या मध्ये तर अख्खा डोंगर आहे. पाडे एवढेसे आणि रुग्ण सहा, हे आरोग्य केंद्रात कोणालाच पटत नव्हतं. संपर्काच्या फॉर्मवरून मात्र काही धागा लागत नव्हता.

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते शेजारधर्माने. मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. शेजाऱ्यांची मुलगी सामाजिक वैद्यकशास्त्रात एम.डी. करते आणि तेव्हा तिची पोस्टिंग त्या भागात होती. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती नावांवर पट्ट्या चिकटवलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन आली. म्हणाली, “काका, तुम्ही ग्राफ शिकवता ना? मला याचा एक ग्राफ काढून द्या.” तिला हवा होता महिन्यागणिक रुग्ण दाखवणारा स्तंभालेख. मी शिकवतो तो ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. चहा येईपर्यंत आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो.

राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे, म्हसरूळला. आमच्यासारखी इंजिनिअरिंगची कॉलेजं जोडलेली आहेत पुणे विद्यापीठाला. त्यामुळे एका शहरात राहूनही साथीचे आजार शिकणारा आणि अल्गोरिदम शिकणारा यांची गाठ पडायची तर ती अशी कंपाउंडच्या भिंतीवरूनच. तिच्या कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी यायला पाच आठवडे लागले. तोवर माझ्या एम.ई.च्या विद्यार्थ्याने प्रोग्रॅम तयार ठेवला होता.

पहिलं जाळं

त्याचा संशोधनाचा विषय ‘मध्यस्थता’. जाळ्यातल्या कुठल्याही दोन ठिपक्यांमधली सर्वांत जवळची वाट काढायची, अशा सगळ्या जोड्यांच्या वाटा पाहायच्या आणि कुठला ठिपका किती वाटांवर मध्ये येतो ते मोजायचं. १९७७ मध्ये लिंटन फ्रीमन या समाजशास्त्रज्ञाने हे माप मांडलं. २००१ मध्ये उलरिक ब्रँडेसने ते मोजायची जलद रीत दिली, तेव्हापासून मोठ्या जाळ्यांवरही ते परवडू लागलं. साथीच्या कामात या मापाचा मोह का पडतो हे उघड आहे. ज्याच्यावरून सगळ्या वाटा जातात त्यालाच गाठलं, की साखळी तुटायला हवी.

आमच्याकडे ठिपके होते ३३. सहा रुग्ण आणि फॉर्मवर लिहिलेले २७ संपर्क. सतत बदलणाऱ्या अवाढव्य जाळ्यांसाठी दोन वर्षं खपलेला पोरगा हिरमुसला. “सर, हे तर वहीच्या पानावर होईल.” झालंही असतं. पण त्याने प्रोग्रॅम चालवला आणि उत्तर इतकं ठसठशीत आलं की आम्ही दोघंही खुर्चीतून उठलो. फॉर्मवर मोबाइल नंबरच्या जागी कोड दिलेले होते, सारख्या नंबरला सारखा कोड. विद्यार्थ्याने सारखा कोड असलेल्या नोंदी एका नव्या, चौतिसाव्या ठिपक्याला जोडल्या होत्या, कारण एक फोन म्हणजे एक घर किंवा निदान जवळचं नातं. सहापैकी चार रुग्ण त्या एका ठिपक्याला लटकलेले, आणि मध्यस्थतेच्या आकड्यात बाकी कोणी त्याच्या जवळपासही नाही. हा कोण माणूस, जो चार घरांत वावरतो आणि कोणी त्याचं नाव घेत नाही?

डॉक्टरने कोड उलगडून पाहिला आणि डोक्याला हात लावला. “अहो काका, या आमच्या ताई!”

ताई म्हणजे गटप्रवर्तक, त्या भागातल्या आशांचं काम बघणाऱ्या. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर रुग्णाची नोंद करताना मोबाइल नंबर द्यावा लागतो. पाड्यावर घरटी एक फोन, तो कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात, आणि रेंज टेकडीवर. ताईंनी सरळ आपला नंबर देऊन टाकला होता. निरोप तरी पोचेल, हा हिशेब. पोषण आहाराचे महिन्याचे पैसे, २०१८ मध्ये पाचशे होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार झाले, ते खात्यात पडले का याची विचारपूसही त्याच फोनवर. आम्ही आजाराचा रस्ता शोधायला निघालो होतो आणि हाती लागला होता नोंदणीचा रस्ता.

विद्यार्थी ओशाळला आणि ठिपका पुसायला निघाला. डॉक्टरने थांबवलं. वर्षानुवर्षं ही बाई खोकणाऱ्यांच्या घरात बसते आणि बेडक्याच्या डब्या पिशवीत घालून नेते. चुकून का होईना, यंत्राने तिच्याकडे बोट दाखवलंय तर आधी तिची तपासणी करू, मग पुसू. एक्स-रे स्वच्छ निघाला. ताई एवढंच म्हणाल्या, की एवढ्या वर्षांत आपल्याही छातीचा फोटो काढावा हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तो ठिपका काढल्यावर उरलं ते दुसरं जाळं, आणि त्याचे पाच तुकडे झाले. सूनसासू एका तुकड्यात, बाकी चौघं चार दिशांना. म्हणजे पुन्हा जिथे होतो तिथेच.

नावं नव्हे, दिवस

संपर्काचा फॉर्म माणसांची नावं मागतो. आधी घरातली, मग शेजारची, मग कामावरची. क्षयाच्या कार्यक्रमात घरच्यांवर भर असणं बरोबरच आहे. रात्रभर एका खोलीतली हवा तेच वाटून घेतात, आणि प्रतिबंधक गोळ्याही पहिल्यांदा त्यांनाच मिळतात. पण माणूस नाव सांगतो ते ज्याचं नाव त्याला माहीत असतं त्याचं. ज्याच्या मांडीला मांडी लावून महिनोन्महिने बसला त्याचं नाव ठाऊक असेलच असं नाही.

हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या एका न ओळखल्या गेलेल्या क्षयाच्या साथीवर अल्डन क्लॉव्हडाल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लिहिलं होतं. त्यांनी माणसांसोबत जागांनाही ठिपके दिले, आणि विखुरलेले वाटणारे रुग्ण काही सार्वजनिक ठिकाणांपाशी येऊन मिळाले. आम्ही तेच करायचं ठरवलं. अडचण एवढीच, की जागा विचारायच्या कशा? “कुठे कुठे जाता?” याला पाड्यावर उत्तर एकच, “कुटं नाय.”

मग डॉक्टरने आणि ताईंनी प्रश्न बदलला. मागच्या हिवाळ्यातला एक दिवस सांगा, उठल्यापासून निजेपर्यंत. आता माणसं बोलू लागली. चारला उठायचं, भाकऱ्या थापायच्या, डबा बांधायचा, गाडी यायची, बागेत जायचं. ख चं बोलणं इथपर्यंत आलं आणि ताईंनी सहज विचारलं, कोणती गाडी? ती गप्प झाली. घ कडेही तेच. माल वाहायच्या गाडीत माणसं बसवणं नियमात बसत नाही. पोलिसांना कळलं तर गाडी बंद, गाडी बंद तर रोजंदारी बंद. म्हणून त्या गाडीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा पेठ-सुरगाण्याच्या हातांवर उभ्या आहेत. ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, विरळणी, आणि जानेवारीपासून खुडा. मुकादम टोळी बांधतो, पहाटे पिकअप पाड्यापाड्यावर थांबत माणसं भरत जाते. हा काळ नेमका नाशिकच्या थंडीचा. निफाडचं किमान तापमान राज्यात सर्वांत कमी असल्याची बातमी दर हिवाळ्यात येते ती उगाच नाही.

जानेवारीत एका पहाटे मी आणि डॉक्टर त्या गाडीत बसलो. मुकादमाला ताईंनी पटवलं होतं. मागच्या हौद्यावर लोखंडी कमानी, त्यावर निळी ताडपत्री, मागचा पडदा आतून बांधलेला, लुगड्याच्या लाल काठाची चिंधी करून. पहिल्या पाड्यावर आम्ही सात होतो, शेवटच्या पाड्यावर तेवीस. बसायला जागा नव्हती, पण गुडघ्यात गुडघे अडकवून सगळे बसले. कोणी बोलत नव्हतं, बायांनी डोक्यावरून स्कार्फ घट्ट ओढून घेतले होते आणि माना खाली घालून झोपेचा उरलेला तुकडा पुरा करत होत्या. घाटात डॉक्टरने पडद्याची गाठ सोडायला लावली. पाच मिनिटांत माझीच बोटं बधिर झाली आणि पडदा बांधा असं सांगणारा पहिला माणूस मी होतो. बागेपर्यंत सव्वा तास लागला.

तिसरं जाळं

आता ठिपके दोन जातींचे झाले. सहा रुग्ण एकीकडे, त्यांच्या सांगण्यातून निघालेल्या १९ जागा दुसरीकडे. रेषा फक्त माणसापासून जागेपर्यंत. विद्यार्थ्याने सवयीप्रमाणे जागा गाळून माणसांना थेट जोडायचं सुचवलं, म्हणजे एका जागी येणारे सगळे एकमेकांचे संपर्क. गाडीच्या २६ जणांच्या मग ३२५ रेषा होतात. आठवडे बाजाराला येणाऱ्या ५०० जणांच्या १,२४,७५०! एवढ्या रेषांचा गुंता झाला की कोण कुठे भेटलं हेच पुसलं जातं, आणि आम्हाला हवं होतं नेमकं तेच.

पण नुसत्या रेषा मोजल्या तर पहिला नंबर बाजाराचाच आला. साहजिक आहे, बाजाराला कोण जात नाही? डॉक्टर म्हणाली, ऊन आणि वारा असलेल्या ठिकाणी मला रस नाही. क्षयाचा जंतू हवेतून जातो, खोकल्यातून उडालेले अतिसूक्ष्म कण बंद जागेत तासन्तास तरंगत राहतात, आणि मोकळ्या हवेत पांगतात. म्हणून प्रत्येक रेषेला वजन दिलं: आठवड्याचे तास गुणिले जागा किती कोंडलेली. मोकळ्या जागेला शून्य, अर्धवट बंदला एक, पूर्ण बंदला तीन. हे आकडे डॉक्टरच्या अंदाजाचे आहेत, कुठल्या सूत्रातून आलेले नाहीत, आणि मला तो अंदाज सूत्रापेक्षा जास्त भरवशाचा वाटला. बाजार यादीच्या तळाला गेला. पिकअप वर आली.

इथे विद्यार्थ्याने पहिल्यांदा काहीतरी असं केलं ज्याचं मला मनापासून कौतुक वाटलं. त्याने विचारलं, “पिकअप एक ठिपका आहे की दोन?” ड्रायव्हर, मुकादम आणि टोळीतला एखादा जाणता माणूस केबिनमध्ये बसतात. केबिन आणि हौदा यांच्यात लोखंडी पत्रा आणि काच. गाडी एक, हवा दोन! ठिपका फोडला तेव्हा छ, जो नेहमी केबिनमध्ये बसायचा, हौद्यापासून सुटला. क, ख, घ हौद्यात राहिले. ग कधी गाडीत बसलीच नव्हती, तिला घरात लागण झाली.

च चं काय? तोही त्याच हौद्यातून जायचा. इथे रेषेला वेळ आणि दिशा लावावी लागली. क ला खोकला सुरू झाला मागच्या जानेवारीत, निदान जूनमध्ये. बाकी कोणाचाही खोकला त्याच्याआधीचा नव्हता. च ने त्याच्या आदल्या दिवाळीच्या आधीच गाडी सोडली होती. शिवाय त्याचा क्षय मानेच्या गाठींचा, आणि तो साधारणपणे दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे त्याच्याकडून बाहेर जाणारा बाण नाही, आणि आत येणारा बाण तारखांत बसत नाही. सर्वांत जवळची वाट काढणारा प्रोग्रॅम क पासून च पर्यंत दोन पावलांत पोचत होता. कॅलेंडर पाहिलं तर ती वाटच नव्हती.

सहापैकी दोघं असे बाहेर राहिले. आपल्याकडे क्षय इतका आहे, आणि शरीरात तो वर्षानुवर्षं दबून राहू शकतो, की दोन रुग्ण एका गाडीतले निघणं हा योगायोगही असू शकतो. मुकादमाला मात्र एकच गोष्ट हवी होती: “आणला कोणी, ते सांगा.” ते हे जाळं सांगू शकत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जेनिफर गार्डी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये संपर्कांच्या जाळ्याला जंतूच्या पूर्ण जनुकीय वाचनाची जोड दिली, तेव्हा एक वाटणारी साथ जंतूच्या दोन वेगळ्या वंशांची निघाली. आमच्या रुग्णांची चाचणी झाली होती ट्रूनॅटवर. जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतो का, एवढं ते यंत्र सांगतं. त्याचं घराणं सांगत नाही. त्यासाठी जंतू वाढवून ठेवावा लागतो. तो ठेवलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नाही. क चं नाव ‘आणणारा’ म्हणून पाड्यावर फिरलं असतं तर तो तिथे राहू शकला नसता.

आमची चूक

ही भीती पुस्तकातली नव्हती. दुसऱ्या जाळ्याचा एक कागद, पाड्यांची नावं आणि रुग्णांची आद्याक्षरं असलेला, चर्चेच्या गडबडीत आरोग्य केंद्राच्या टेबलावर राहिला. छापला आम्ही, विसरलो आम्ही. आद्याक्षर एकच असलं तरी त्या पाड्यावर त्या अक्षराचा औषधं खाणारा माणूस एकच होता. दुसऱ्या दिवशी गाडी घ च्या पाड्यावर थांबली आणि त्याला न घेता निघाली. तेव्हा त्याचे चार महिन्यांचे उपचार झाले होते. औषधं नीट लागू पडली की पहिल्या काही आठवड्यांतच माणूस आजार पसरवायचा थांबतो, हे डॉक्टरने मुकादमाला तीनदा जाऊन सांगितलं. तिसऱ्यांदा पटलं. तोवर तीन आठवड्यांचा रोज बुडाला होता. तो मी आणि विद्यार्थ्याने मिळून भरून दिला. घ ने पैसे घेतले, पण नंतर आमच्याशी बोलायला बसला नाही. त्याच्या ठिपक्याची माहिती तिथेच अर्धी राहिली आहे.

त्यानंतर कागदावर फक्त आकडे आले, पाड्यांची नावं गेली आणि छपाई बंद झाली.

तपासणी

गाडीतल्या सगळ्यांना तपासायचं तर क्षयाचं नाव न काढता तपासायचं, हे ताईंनी ठरवलं. फेब्रुवारीत, खुड्याच्या एका खाड्याच्या दिवशी, बागमालकाच्या शेडमध्ये शिबिर ठेवलं. रक्तदाब, साखर, रक्ताची टक्केवारी, डोळे आणि छातीचा फोटो, हातात धरायच्या मशीनवर. मुकादमाच्या वहीत मागच्या हंगामाची २६ नावं होती. त्यातले चार आपले रुग्णच. उरलेल्या २२ मधले १७ आले. पाच जण दुसऱ्या कामांवर गेले होते, ते मिळाले नाहीत.

दोघांच्या फोटोत डाग दिसला. एकाचा जुना भरलेला व्रण निघाला. दुसरी एक बाई, हौद्यात पडद्याच्या बाजूला बसणारी, दोन महिन्यांपासून खोकत होती आणि सगळ्यांना सांगत होती की फवारणीच्या वासाने घसा धरलाय. बेडक्यात जंतू सापडला. तिचा खोकला गाडीतल्या सगळ्यांनी ऐकला होता, पण कोणाच्याही संपर्काच्या फॉर्मवर ती नव्हती, आणि तिच्या घरात तोवर एकही रुग्ण नव्हता. सहा महिन्यांची औषधं तिने ऑगस्टमध्ये पूर्ण केली. बाकीच्या १५ जणांना प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या की नाही यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बरीच ओढाताण झाली, कारण ही माणसं ‘घरातली’ नव्हती. शेवटी दिल्या. ११ जणांनी घेतल्या.

पडदा उघडा ठेवायचा सल्ला घाटात टिकत नाही, हे मी स्वतः पाहिलं होतं. तोडगा बायांनीच सुचवला. पडदा बंदच राहू दे, वर कमानीपाशी, डोक्याच्या उंचीच्या वर, दोन्ही अंगांना हातभर झरोके कापा. वारा डोक्यावरून जाईल. ड्रायव्हरने फार खळखळ केली नाही, ताडपत्री एका बाजूने आधीच फाटलेली होती. त्याने किती फरक पडतो हे मोजायला आमच्याकडे काही साधन नव्हतं. दुसऱ्या पहाटे मी पुन्हा बसून आलो, तेव्हा काच धुकटली नाही एवढं पाहिलं.

विद्यार्थ्याच्या प्रबंधात हे प्रकरण दीड पानांत आलं आहे. बाकी सगळा प्रबंध मोठ्या जाळ्यांवर आहे, आणि तो चांगला आहे. च आणि छ आमच्या चित्रात अजून एकटे आहेत.

ऑक्टोबर छाटणीला मुकादमाने नवी टोळी बांधली. २४ माणसं, त्यातली जुनी नऊ. यादी ताईंनी पहिल्याच आठवड्यात आपल्या वहीत उतरवून घेतली. वहीत आधी नाव, पाडा, वय आणि खोकला असे रकाने होते. आता त्यांनी पट्टी धरून पाचवा आखलाय. वर लिहिलंय, ‘गाडी’, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात, ‘पुढे का मागे’.